हात वर, मागे चला

म्हात्रे मॅडमच्या हातात पाइप असायचा. प्लंबरच्या दुकानात मिळतो तसा पांढरा, मनगटाहून जाड, कमरेएवढा उंच, दोन्ही टोकांना झाकण लावलेला. त्या बोर्ली पंचतनला राहायच्या आणि आमच्या कॉलेजात यायला रोज दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायच्या. बोटीवर कोणी नवीन माणूस असला की विचारायचाच, "मॅडम, नळाचं काम काढलंय वाटतं?"

"हो ना, फार गळतंय," मॅडम गंभीरपणे सांगायच्या.

पाइपात मुलांची पोस्टरं असायची.

मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी संख्याशास्त्र शिकवतो. आमच्याकडे दरवर्षी मुलं छोटंसं संशोधन करतात आणि शेवटी ते एका मोठ्या कागदावर मांडतात. घरातल्या टीव्हीपेक्षा मोठा कागद. तो भिंतीला लावायचा, शेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं काम समजावून सांगायचं. त्यातली बरी पोस्टरं पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेला जातात. बहुतेक प्राध्यापकांना हे पोस्टर म्हणजे संशोधन संपल्यावरचं शिवणकाम वाटतं. मॅडमना संशोधन तिथून सुरू होतं असं वाटायचं.

त्यांची माझी पहिली ओळख मात्र पोस्टरमुळे नाही, माझ्या एका नोटिशीमुळे झाली. मी नवीन होतो आणि परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचं काम माझ्याकडे आलं होतं. मी एक तक्ता केला. विषय, वर्ग, क्रमांक, खोली, मजला, वेळ, सगळं एका पानावर. दोनदा तपासला. परीक्षेच्या दिवशी निम्मी मुलं भलत्याच खोल्यांत जाऊन बसली. मी सूचनाफलकासमोर उभा राहून पुन्हा तक्ता तपासत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"राऊत सर ना? तुमच्या नोटिशीत चूक एकही नाही. मी शोधली."

"मग मुलं कशी चुकली?"

"तेच बघायला आलेय मी. सकाळपासून इथे उभी आहे." त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. एखाद्या खेकड्याने नवीन बीळ केलेलं दिसल्यावर माणूस जसा वाकून बघतो तशा त्या फलकाकडे बघत होत्या. "प्रत्येक मूल येतं, डावीकडून वाचायला लागतं, मधे मित्र हाक मारतो, ओळ सुटते आणि ते खालच्या ओळीतला खोली क्रमांक घेऊन जातं. बहुतेक सगळी खालच्याच ओळीत पडतात. वरच्या ओळीत कोणी पडत नाही. का हो असं?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत तो प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी शिपायाकडून प्रत्येक खोलीच्या दारावर एकेक कागद लावून घेतला, त्यावर फक्त क्रमांक, कुठून कुठपर्यंत. फलकावर एकच ओळ ठेवली: आपला क्रमांक दारावर बघा. कोणी चुकलं नाही. माझा तक्ता त्यांनी मागून घेतला आणि नंतर कित्येक वर्षं वर्गात दाखवला. "हा पूर्ण बरोबर तक्ता आहे," त्या मुलांना सांगायच्या, "आणि कोणाच्याही उपयोगाचा नाही." माझं नाव मात्र सांगायच्या नाहीत. मुलांना ते ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या तोंडात काही वाक्यं ठरलेली होती. "पोस्टर उभ्या माणसासाठी असतं. बसलेल्या माणसासाठी पुस्तकं आहेत." किंवा, "वाचणाऱ्याच्या हातात पिशवी आहे असं समजा, आणि पिशवीत दूध आहे." मुलं आठशे-नऊशे शब्द घेऊन यायची. मॅडम हिरव्या पेनने खोडत जायच्या. लाल पेन त्या वापरत नसत, कारण लाल रंग बघितला की मुलं वाचायचं सोडून घाबरतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. तीनशे शब्द उरले की पेन खाली ठेवायच्या. गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं अक्षर कोणालाच लागायचं नाही. फळ्यावर त्यांनी काय लिहिलं यावर मुलांत पैजा लागत.

प्रत्येक पोस्टरची पहिली परीक्षा कॉलेजच्या व्हरांड्यात व्हायची. पोस्टर भिंतीला लावायचं. ज्याने ते केलं नाही असा एक विद्यार्थी त्याच्यासमोर उभा करायचा. मग मॅडमची आज्ञा सुटायची, "हात वर. मागे चला."

त्या विद्यार्थ्याने हात वर करून उलटं मागे मागे चालायचं. मथळा वाचता येतोय तोवर हात वर. वाचता येईनासा झाला की हात खाली. तिथे फरशीवर मॅडम चिकटपट्टी लावायच्या. ही पट्टी प्राचार्यांच्या केबिनच्या दाराच्या अलीकडे पडली तर मथळा नापास. एका मुलाने मथळ्याला इतकी नक्षीदार अक्षरं वापरली होती की त्याच्या मैत्रिणीचा हात दुसऱ्याच पावलाला खाली आला.

"अगं, नीट बघ ना!" तो ओरडला.

"नीटच बघतेय. लग्नपत्रिका आहे का ही?"

मॅडम खुदकन हसल्या आणि मग त्या मुलीलाच विचारत बसल्या, नक्की कुठलं अक्षर आधी गेलं, गोल गेलं की काना गेला, धूसर झालं की एकमेकांत मिसळलं. घंटा होऊन गेली तरी त्यांचं चाललेलंच होतं. मी एकदा त्यांना विचारलं, की एवढं कशाला बघता, अक्षरं मोठी करा म्हणून सांगितलं की झालं. त्या म्हणाल्या, "माणूस का थांबतो ते मला अजून कळलेलं नाही, सर. का निघून जातो ते थोडं कळलंय."

रस्त्याने चालताना त्या सगळे फलक मोठ्याने वाचायच्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एखादा मोठा बॅनर आला की चौकात थांबायच्या. "यात वाढदिवस कोणाचा आहे ते शोधा पाहू. एवढे चेहरे, सगळे सारख्याच मापाचे. पोरं नेमकं हेच करतात. चार आलेख, चारही सारखेच मोठे. मग मुख्य कोण?" मुलांनी कोपऱ्यात मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन टाकला की विचारायच्या, "जेट्टीवर रेंज असते का रे?" तो चौकोन लगेच जायचा.

एकदा मी आणि माझी बायको सुनंदा त्यांच्याकडे बोर्लीला जेवायला गेलो. स्वयंपाकघरात फळीवर एकसारखे स्टीलचे डबे ओळीने मांडलेले, एकावरही चिठ्ठी नाही. चहाला साखर शोधताना मॅडमनी रवा उघडला, मग मीठ, मग पोहे.

सुनंदा म्हणाली, "मॅडम, इथे नाही का लावलं पोस्टर?"

"घरात कशाला गं? मला शोधायला आवडतं."

दुसरी परीक्षा जेट्टीवरची. ती मॅडमचीच कल्पना आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजात ती होत असेल असं मला वाटत नाही. आगरदांड्याला बोट सुटायच्या आधी माणसं शेडमध्ये ताटकळतात. काशीदहून आलेले पर्यटक, बाजाराला निघालेल्या बायका, मोटारसायकलवाले, नोकरदार. सगळे उभे, सगळ्यांच्या हातात काहीतरी. मॅडम शेडच्या खांबाला पोस्टर बांधायच्या आणि समोर अस्लमभाईच्या टपरीवर चहा घेत बसायच्या. सोबत ज्याचं पोस्टर तो विद्यार्थी. बोट लागून सगळे चढून जाईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही.

"तोंडाकडे बघू नकोस," त्या सांगायच्या, "पायांकडे बघ. आपल्याकडची माणसं भिडस्त. विचारलं की छान आहे म्हणतात. पाय छान आहे म्हणत नाहीत. ते थांबतात नाहीतर जातात."

मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. खारफुटीवरचं पोस्टर होतं, माहिती भरपूर, कष्ट प्रामाणिक. एक गृहस्थ आले, त्यांनी पोस्टरच्या दोरीला आपली पिशवी अडकवली. एका बाईने पोस्टरच्या सावलीत मासळीची पाटी सरकवली. बोट आली, पिशवी गेली, पाटी गेली. पोस्टर करणारी मुलगी रडवेली झाली.

अस्लमभाई म्हणाले, "बेटा, रडू नको. मागच्या वेळचं वाऱ्याने उडून खाडीत पडलं होतं. तुझं निदान कामाला आलं."

मॅडम तिला म्हणाल्या, "सावलीला लोक आले ना? मग पहिली गोष्ट तुला मिळाली. माणूस खांबाजवळ येतो. आता त्याला वर बघायला लावायचं."

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो त्या प्रसंगाकडे येतो.

दर्शना ही कोळीवाड्यातली मुलगी, आमच्याकडे शेवटच्या वर्षाला होती. तिची आई मंदाताई सुकटीचा धंदा करते. कोळंबीसारखा पण अगदी बारीक जवळा वाळवायचा, त्याची सुकट करायची आणि बोटीने पलीकडे नेऊन बोर्लीच्या बाजारात विकायची. कोळीवाड्यात जवळा जमिनीवर, उघड्या खळ्यात पसरतात. दर्शनाने आईच्या मागे लागून निम्मा जवळा बांबूच्या मांडवावर जुनं जाळं ताणून त्यावर वाळवला आणि दोन्हीची तुलना केली. जाळीवरच्या सुकटीत वाळू कमी निघाली आणि ती टिकलीही जास्त. काम स्वच्छ होतं. मी तिचे आकडे तपासून दिले आणि माझं नेहमीचं टुमणं लावलं, की नमुने किती घेतले, किती वेळा घेतले, ते पोस्टरवर ठळक हवं.

"खाली लिहिलंय, सर," मॅडम म्हणाल्या. "उभ्या माणसाला आधी निष्कर्ष."

दर्शनाचा मूळ मथळा होता, सुकट वाळवण्याच्या दोन पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास. मॅडमनी तो खोडला आणि तिच्याकडूनच नवा काढून घेतला: जमिनीवरची सुकट, वाळू जास्त, बुरशी लवकर. मोठी जाड अक्षरं. खाली एकच मोठा फोटो, जमिनीवर पसरलेला जवळा, मागे निळी ताडपत्री आणि पाठमोरी बसलेली मंदाताई. व्हरांड्यात हात वर करून मागे गेलेला मुलगा प्राचार्यांची केबिन ओलांडून जिन्यापर्यंत पोहोचला आणि हात तसाच वर. मॅडमनी टाळी वाजवली. इतका लांब मथळा आमच्या कॉलेजात कोणाचा गेला नव्हता.

जेट्टीवरही तसंच झालं. लोक थांबले. एक बाई दोनदा येऊन वाचून गेली. दोघा मोटारसायकलवाल्यांनी फोटो काढला. मॅडम त्या दिवशी बोटीत चढताना दर्शनाला म्हणाल्या म्हणे, "आज मी पाय बघायचे विसरले. चेहरेच बघत बसले."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुनंदा बोर्लीहून सुकट न घेताच घरी आली.

"का गं? संपली?"

"संपली कुठली! ढीग पडलाय. कोणी घेतच नाही. तुमच्या कॉलेजने तपासणी केली म्हणे, कोळीवाड्याच्या सुकटीत बुरशी निघाली. सरकारला कळवलंय असंही म्हणतात."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतायत. आणि मला तुम्ही काही बोलला नाहीत."

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. पण मी तरी बाजारात एकटीनेच घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातल्या सात-आठ बायका कॉलेजात आल्या. पुढे मंदाताई. व्हरांड्यात त्यांचा आवाज घुमला तशी वर्गातली मुलं दारांत आली. दर्शना खांबाआड उभी.

"कोन ती म्याडम? तिला बोलवा," मंदाताई म्हणाली. मॅडम समोरच उभ्या होत्या. "तुमीच काय? माजा फोटू लावला तुमी धक्क्यावर? माजी पाठ वळखून बोर्लीची बाई मला सांगते, मंदे, तू बुरशीवाली काय गो!"

"फोटो तुम्हाला न विचारता लावला," मॅडम म्हणाल्या. "चूक झाली. तो काढलाय. माफ करा."

मागच्या एका बाईने सुरू केलं. "माफ करून सुकट खपतंय व्हय? आगोट तोंडावर येल. पावसाळ्याची सुकट लोकं त्याच महिन्यात भरून ठेवतात. आमचं वर्साचं त्यावर हाय. तवर हे बोलनं गेलं न्हाय तर आमी काय करू?"

"आनि ही," मंदाताईने खांबाकडे बोट केलं, "हिला पाठवते मी स्पर्धेला! घरातलंच काढून घराला बट्टा. उद्यापासून कालेज बंद."

"आये..." दर्शना म्हणाली.

"आये नको नि बाये नको."

मला वाटलं आता मॅडम समजावतील, की संशोधन खरं आहे, आकडे तपासलेले आहेत. मीही पुढे सरसावलो होतो. पण मॅडमनी वर्गातून बाकं काढायला सांगितली, बायकांना बसवलं, आणि विचारलं, "मंदाताई, बाजारात सगळ्यांत आधी कोण बोललं? आणि नेमकं काय बोललं? शब्द सांगा."

"काय करायचेत शब्द?"

"आम्ही लिहिलं एक, आणि खाडी ओलांडून पोचलं भलतंच. मधे कुठे बदललं ते मला बघायचंय."

एकीने सांगायला सुरुवात केली, दुसरीने तिला दुरुस्त केलं, तिसरीने बोर्लीच्या गिऱ्हाइकाची नक्कल केली, नाकाला पदर लावून, दोन बोटांत सुकट धरून. दारातली मुलं हसली, मग बायकाही हसल्या. राग गेला नव्हता, पण बोलणं मोकळं झालं होतं. मॅडम मधे मधे विचारत होत्या, जमिनीवरची हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला का? कोणीच ऐकला नव्हता. जाळीवरची? नाही. वाळू? एकीने. बुरशी? सगळ्यांनी. आणि कॉलेज हा शब्दही सगळ्यांनी, जो मथळ्यात नव्हताच, खाली कोपऱ्यात होता.

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, पोस्टर चांगलं झालं होतं. म्हणूनच वाईट झालं." आणि बायकांना म्हणाल्या, "तुमच्या गिऱ्हाइकाला आम्ही भीती दिली. पुढे काय करायचं ते दिलंच नाही. ज्याच्या हातात पिशवी आहे तो काय करणार? पिशवी घेऊन निघून जाणार."

"मंग आता?" मंदाताईने विचारलं.

"आता दर्शना दुसरं करेल. मथळा असा करायचा, की गिऱ्हाईक बाजारात येऊन तुम्हाला काहीतरी विचारेल. जाळीवरची आहे का, एवढंच."

"आनि ज्यांची जाळीवरची न्हाय त्यांनी काय सांगायचं? माजी अर्धी हाय. हिची? हिची?" तिने शेजारच्या दोघींकडे हात केला. "आमची खपंल नि यांची राहील, असलं पोस्टर मला नको."

"खरंय," मॅडम म्हणाल्या. "मांडव घालायला काय लागतं?"

"बांबू. जाळी तर फाटकी पडलीच हायेत. हात लागतात."

"मग आधी मांडव, नंतर पोस्टर. सगळ्यांचे होईपर्यंत जेट्टीवर काही लागणार नाही. मी लावू देणार नाही."

मंदाताई उठली. जाताना दर्शनाकडे न बघता म्हणाली, "चल घरी. बांबू उचलायला लागतील."

म्हणजे कॉलेज बंद झालेलं नव्हतं, इतकं मला कळलं. दर्शनाला कळायला जिन्यापर्यंत जावं लागलं.

पुढचे दिवस मॅडम कॉलेज सुटल्यावर कोळीवाड्यात जायच्या आणि मग उशिराच्या बोटीने घरी. मांडव घालण्यात त्यांचा हातभार फारसा नव्हता. मंदाताईच्या शब्दांत सांगायचं तर, "म्याडम गाठ मारते ती आपोआप सुटते." पण त्या प्रश्न विचारायच्या. मांडव कोणी कमरेएवढा का घातला, कोणी छातीएवढा का. मांजर कुठल्या मांडवावर चढत नाही. बायका कंटाळून उत्तरं द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एखादी गोष्ट बघून ठेवून सांगायच्या. कॉलेजची मुलं बांबू धरायला गेली. दोन घरं तयार नव्हती. एका म्हातारीचं म्हणणं, माझ्या सासूने जमिनीवर वाळवली, मी जमिनीवर वाळवणार. शेवटी तिच्या नातवाने मांडव घातला आणि म्हातारीने त्यावर आपल्या चादरी वाळत घातल्या. काही दिवसांनी चादरी निघाल्या, जवळा आला.

मधे विद्यापीठाची स्पर्धा झाली. नव्या पोस्टरचा मथळा होता: सुकट घेताना विचारा, जाळीवरची आहे का? फोटो जाळीवरच्या जवळ्याचा, त्यावर फक्त एक हात. हात मंदाताईचाच, आणि या वेळी तिने तो स्वतःहून दिला होता, बांगड्या सारख्या करून. मथळ्याच्या बरोबर खाली एक ओळ, जाड अक्षरांत: हे आम्ही एका वाडीत, एका हंगामात पाहिलं.

"सर, तुमची ओळ वर आणली," मॅडम म्हणाल्या. "ती वर असती तर कोळीवाड्याचं नाव निघालं नसतं. एवढ्यावरून सगळ्यांना बोलू नका, हे आपणच मोठ्या अक्षरांत सांगायला हवं होतं." आयुष्यभर नमुन्यांची संख्या सांगत आलेल्या माणसाला याहून मोठं बक्षीस मिळत नाही. मी घरी जाऊन सुनंदाला ते दोनदा सांगितलं.

स्पर्धेला मंदाताई सोबत आली. तीच तिची अट होती. सभागृहात पोस्टरांच्या रांगा, सगळीकडे बारीक अक्षरं. दर्शनाने आईला व्हरांड्यातली परीक्षा सांगितलेली असावी, कारण परीक्षक आले तेव्हा मंदाताई हात वर करून उलटी चालत येत होती आणि त्यांतल्या एकावर जाऊन आदळली.

"अहो बाई, काय चाललंय?"

"वाचता येतंय काय बघते. तुमी पन बघा."

परीक्षकांनी दर्शनाला विचारलं, मथळा जरा जाहिरातीसारखा नाही का वाटत? ती म्हणाली, "आधीचा नुसता निष्कर्ष होता, सर. त्याने आईची सुकट पडून राहिली." मग तिने सगळं सांगितलं, पहिल्या पोस्टरचं काय झालं तेही. ते ऐकायला आजूबाजूची मुलं गोळा झाली. नंबर आला नाही. निकालपत्रात मांडणी वेगळी पण शास्त्रीय चौकट अपुरी असं काहीसं होतं. मॅडमनी ते लक्ष देऊन वाचलं आणि म्हणाल्या, "चौकटीबद्दल ते बरोबर आहेत. जागा नव्हती." त्यांना वाईट वाटलं की नाही ते मला कधी कळलं नाही. मंदाताईला मात्र कळेना, की तिच्या मुलीभोवती सगळ्यांत जास्त गर्दी असताना नंबर दुसऱ्याला कसा गेला.

मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला. मी आणि दर्शना त्यांना पोचवायला आगरदांड्याला गेलो. आगोटीचे दिवस होते. शेडमध्ये मंदाताई आणि आणखी तिघी पाट्या घेऊन बसल्या होत्या, कारण बोर्लीच्या बाजारापर्यंत जायच्या आत इथेच गिऱ्हाईक मिळतं का ते त्यांना बघायचं होतं. खांबाला त्याच सकाळी दर्शनाने पोस्टर बांधलं होतं. म्हातारीच्या मांडवावर आदल्या आठवड्यात जवळा आला होता. आता कोणाचा मांडव राहिलेला नव्हता.

मॅडम नेहमीप्रमाणे टपरीवर बसल्या. अस्लमभाईने चहाचे पैसे घेतले नाहीत. दर्शना मंदाताईच्या पाटीकडे बघत होती, मॅडम पायांकडे.

हिरवी पिशवी घेतलेली एक बाई आली. खांबाजवळ सावलीला थांबली. वर बघितलं. मंदाताईने मान खाली घालून उगाच सुकट सारखी केली. बाई पोस्टरपासून निघाली, दोन पावलं बोटीकडे गेली, आणि वळली.

"काय गो, जाळीवरची हाय काय?"

"हाय तर," मंदाताई म्हणाली. "वास घेऊन बग. आनि हिच्याकडची पन जाळीवरचीच हाय. नि हिच्याकडची."

बाईने मापं भरून घेतली. तिच्यामागे आणखी एक थांबली. दर्शनाने मॅडमचा हात घट्ट धरला होता. मॅडम मात्र त्या बाईच्या चपलांकडे बघत पुटपुटत होत्या, "दोन पावलं जाऊन वळली. दोन पावलं का गेली असेल?"

बोट लागली. मॅडमनी पाइप दर्शनाच्या हातात दिला. "हा आता तुझ्याकडे. कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"नळाचं काम काढलंय."

"शाब्बास."

त्या चढल्या. मी हात हलवला, दर्शनाने हलवला, मंदाताईने बसल्या जागेवरून सुकटीने माखलेला हात हलवला. मॅडमनीही कठड्याला टेकून हात वर केला. बोट सुटली. पाणी मधे वाढत गेलं. माझा हात दुखायला लागला म्हणून मी खाली घेतला. त्यांचा वरच होता. हलत नव्हता. सरळ, वर, शाळेतल्या मुलासारखा.

"एवढा वेळ काय टाटा करतायत म्याडम?" मंदाताई म्हणाली.

दर्शनाच्या आधी लक्षात आलं. तिने मागे वळून खांबावरच्या पोस्टरकडे बघितलं, आणि मग मीही.

बोट खाडीच्या मध्यावर गेली. मॅडमची साडी नुसता एक रंग झाली. हात अजून वर होता. आम्ही तिघंही उन्हात डोळ्यांवर हात धरून उभे राहिलो, तो खाली कधी येतो ते बघत.